कल्याणस्वामींचा हंडा आणि फिरती वीज

(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काळभैरवनाथ आणि माता जोगेश्वरी यांच्या चरणी वंदन करून विषयाला आरंभ करू या. विषय आहे वीज साठविण्याचा आणि साठविलेली वीज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा. चैत्रातल्या यात्रेसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून ज्या गावात कुलदैवताच्या दर्शनाला लोक येतात, त्या गावात बॅटरीवर व्याख्यान व्हावे, हे कुणाला विसंगत वाटेल. पण याच परंडा तालुक्यात, सीनेच्या काठी डोमगावला, समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी आहे. दासबोधाचे लेखनिक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आज मात्र त्यांची आठवण काढायची आहे ती एका हंड्यासाठी. सज्जनगडावर समर्थांसाठी पाणी लागे आणि पाणी होते खाली उरमोडी नदीत. कल्याणस्वामी ते हंड्यांत भरून, खांद्यावर घेऊन रोज गड चढत, असे परंपरा सांगते. ते प्रचंड तांब्याचे हंडे गडावर आजही दाखवतात. ते पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे रिकामे तरी एका माणसाला उचलतील का?

जिथे आहे तिथून भरायचे आणि जिथे नाही तिथे नेऊन रिते करायचे, एवढाच या हंड्याचा धर्म. हंडा म्हणजे विहीर नव्हे, त्यात पाणी उत्पन्न होत नाही. चाकांवरच्या बॅटरीविषयी जगभर जो विचार चालला आहे, तो समजून घ्यायला याहून सोपा दृष्टान्त सापडणार नाही. बॅटरीतही वीज निर्माण होत नाही. शंभर युनिट भरले तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतात, उरलेले वाटेत सांडतात. हंडाही हिंदकळतोच.

सीनेचा पूर

सप्टेंबर २०२५ मध्ये या तालुक्याने जे भोगले, ते या सभेतल्या कुणाला सांगण्याची गरज नाही. ज्या परंड्याची ओळख दुष्काळी तालुका अशी, तिथे सीनेने पात्र सोडले. गावांना वेढा पडला. अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी लष्कराचे हेलिकॉप्टर आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नौका आल्या. जनावरे गेली, उभी पिके गेली, मातीसुद्धा वाहून गेली. पूर ओसरल्यावर मागे राहिले आडवे झालेले खांब आणि चिखलात बुडालेली रोहित्रे. वीज नसली म्हणजे केवळ दिवा लागत नाही असे नाही. गावाच्या नळयोजनेचा पंप बंद पडतो, म्हणजे चारी बाजूंनी पाणी असताना पिण्याचा घोट मिळत नाही. मोबाइलची बॅटरी संपते, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या मुलाला आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत हे कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतली लस निकामी होते.

जुन्या मंडळींना याहून मोठी रात्र आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरची धरणी हलली. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मदतीला धावलेल्या संघ स्वयंसेवकांनी आणि असंख्य सामान्य माणसांनी ढिगारे उपसले, प्रेतांना अग्नी दिला. पुढे जनकल्याण समितीने त्यातून उभी केलेली कामे आपल्याला ठाऊक आहेत. पण त्या पहिल्या रात्रींना ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू येत असूनही दिवा नव्हता, ही खंत त्या पिढीने उराशी बाळगली. त्या काळी प्रकाशाचे साधन म्हणजे कंदील, विजेरी आणि कुठून तरी मागवलेला डिझेलचा जनरेटर. पुरात आणि भूकंपात सर्वांत आधी रस्ते तुटतात, मग डिझेल संपते, आणि जनरेटर हे मोठे लोखंडी ओझे होऊन बसते.

आता हिशेब मांडू या. साध्या मालमोटारीवर बसेल अशी पाचशे युनिट साठवण्याची बॅटरी घेतली, तर आजच्या तंत्राने तिचे वजन पाच-सहा टनांच्या घरात जाईल. गावाच्या नळयोजनेचा दहा अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण साडेसात युनिट खातो. दिवसाला आठ तास चालवला तर साठ युनिट. म्हणजे अशी एक मोटार एका दिवसात आठ गावांची तहान भागवू शकते. पंपांऐवजी दवाखाना असेल, तर दिवे, शीतपेट्या आणि शस्त्रक्रियेच्या खोलीपुरती ती दोन-तीन दिवस पुरेल. रिकामी झाली की वीज शाबूत असलेल्या उपकेंद्रावर जायचे आणि भरून परत यायचे. ना धूर, ना आवाज. रुग्णाच्या उशाशी उभी राहिली तरी त्याची झोप मोडत नाही.

मिरजेहून आलेले पाणी

या कल्पनेचा प्रयोग मराठवाड्याने एकदा पाहिला आहे, फक्त तो पाण्याचा होता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले. तेव्हा कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत टाक्यांचे डबे साफ करून मिरजेला आणले गेले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोचली. पुढे पन्नास डब्यांची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. ‘जलदूत’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास कुर्डुवाडी, बार्शी असा आपल्या दारावरूनच होत होता. तेव्हा काही विद्वानांनी या गाडीची थट्टा केली होती. पाणी काय रेल्वेने वाहायचे असते? जलवाहिनी टाका, धरण बांधा! त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण धरण बांधायला वर्षे लागतात आणि तहान संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

नेमकी हीच गोष्ट विजेच्या बाबतीत अमेरिकेतील बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गणिताने तपासली. जिल मोरास्की, नॅटली पोपोविच आणि अमोल फडके यांचा हा शोधनिबंध २०२३ मध्ये ‘नेचर एनर्जी’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यातले तिसरे नाव आपल्या मातीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यांचा प्रश्न साधा होता. क्वचित येणाऱ्या, पण आल्यावर हाहाकार उडवणाऱ्या संकटासाठी प्रत्येक प्रांताने स्वतंत्र महागडी वाहिनी किंवा स्थिर बॅटरी उभारून ती वर्षभर रिकामी ठेवावी, की मालगाडीवर बॅटऱ्या ठेवून जिथे गरज पडेल तिथे न्याव्यात? अशा विरळा प्रसंगांसाठी रेल्वेवरची फिरती साठवण फायद्याची ठरू शकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्हरमाँट राज्यातल्या एका कंपनीने तर ट्रेलरवर बसवलेली सुमारे दोन हजार युनिटांची बॅटरी प्रत्यक्षात तयार केली. अमेरिकेच्या मानाने भारताकडे एक अधिकची जमेची बाजू आहे. आपल्या लोहमार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे, तिथे मात्र मालगाड्या अजून डिझेलवरच धावतात. म्हणजे बॅटरीची गाडी ओढायला आणि भरायला लागणारी वीज आपल्याकडे रुळांच्या वरच टांगलेली आहे.

परदेशी हात आणि आपली मूठ

वीज साठवण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही आणि त्यासाठी परदेशी मदत घेणेही नवे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात घाटघर आहे. तिथे वर एक जलाशय आणि खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढे येथे दुसरा. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. अडीचशे मेगावॅटचा हा प्रकल्प जपानच्या कर्जसाहाय्यातून उभा राहिला आणि २००८ मध्ये कार्यान्वित झाला. परदेशी पैसा आला, पण डोंगर आपला, धरण बांधणारे अभियंते आपले, आणि ते धरणही रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या नव्या पद्धतीचे, देशात पहिले. ती विद्या इथेच मुरली. सहकार्य असावे तर असे.

बॅटरीच्या क्षेत्रात मोठ्या साठवणीचा पहिला जाहीर गाजावाजा झाला तो दिल्लीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रोहिणी येथे टाटा पॉवरने अमेरिकेच्या एईएस आणि जपानच्या मित्सुबिशी यांच्यासह दहा मेगावॅटची साठवण सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत बॅटरी साठवणीसाठी देशांचा एक संघ जाहीर झाला. त्यात भारतासह केनिया, घाना, मलावी, बार्बाडोस असे देश आहेत. मलावीचे नाव इथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘आना’ वादळाच्या पुराने त्या गरीब देशातले कपिचिरा जलविद्युत केंद्र उद्ध्वस्त केले आणि देशाच्या वीजक्षमतेचा जवळपास एक तृतीयांश भाग एका रात्रीत गेला. सीनेकाठच्या माणसाला मलावीच्या माणसाचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पुढे त्या देशाने राजधानी लिलाँग्वे येथे वीस मेगावॅटच्या बॅटरीचे काम हाती घेतले. दक्षिण दिल्लीत किलोकरी येथे २०२५ मध्ये उभी राहिलेली वीस मेगावॅटची साठवणही अशाच आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्यातून आली.

इथवर सारे गोड वाटते. कडू भाग पुढे आहे.

या बॅटऱ्यांच्या आतला जो जीव, तो सेल, आज प्रामुख्याने चीनमध्ये तयार होतो. आवरण इथले, गाडी इथली, उद्घाटनाची फीत इथली, आणि जीव बीजिंगच्या मुठीत! जुलै २०२५ मध्ये चीनने लोह-फॉस्फेट बॅटरीच्या कॅथोडचे तंत्रज्ञान परवान्याच्या कक्षेत आणले. म्हणजे विकत मिळेल ती वस्तू, पण ती घडवण्याची विद्या मिळेल ती त्यांच्या मर्जीने. ज्यांच्याशी गलवानच्या खोऱ्यात जून २०२० मध्ये आपल्या जवानांनी रक्त सांडून झुंज दिली, त्यांच्याच मर्जीवर आपल्या दवाखान्याचा दिवा लागावा, हे कुठल्या स्वाभिमानात बसते?

प्रश्न केवळ सेलचाही नाही. बॅटरीला मेंदू असतो. किती भरायचे, केव्हा थांबायचे, किती वीज सोडायची हे सांगणारी संगणकीय प्रणाली. ती दूरवरून हाताळता येते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, लोकलगाड्या थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्यामागे सायबर घुसखोरीचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. त्या वादाचा निकाल काहीही असो, चाकांवरची बॅटरी गावोगाव फिरणार असेल तर तिच्या मेंदूची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न निविदा उघडण्यापूर्वी विचारला पाहिजे. नंतर विचारणे म्हणजे चोर गेल्यावर कुलूप शोधणे.

यावर काही मंडळी लगेच म्हणतील, मग परदेशी काहीच नको. हे स्वदेशीचे अपुरे आकलन झाले. पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्याने दिली, ती एकात्म मानवदर्शन म्हणून ओळखली जातात. जे आपले आहे ते युगानुकूल करावे आणि जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे, ही त्यांच्या विचाराची दिशा. बॅटरी देशानुकूल करायची म्हणजे काय? अमेरिकेच्या गार गावात चालणारी बॅटरी मराठवाड्याच्या चव्वेचाळीस अंशांत, वैशाखातल्या धुळीत चालली पाहिजे. चाळीस टनांचा परदेशी कंटेनर सोनारीच्या रस्त्यावर येणारच नाही, आला तर ओढ्यावरचा पूल राहणार नाही. म्हणून लहान तुकड्यांची, साध्या मालमोटारीवर चढणारी, गावच्या तंत्रज्ञाला उघडता येणारी बॅटरी हवी. आणि सोनारीपुरते बोलायचे तर तिच्या तारा वानरांच्या हाती लागणार नाहीत अशी हवी! भैरवनाथांच्या या सेवकांनी ज्या यंत्राला उत्तीर्ण केले, त्याला जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागणार नाही.

विनोद बाजूला ठेवू. सहकार्याचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र आहे मानकांचे. जलदूताचा डबा मिरजेत भरता आला आणि लातुरात रिता करता आला, कारण दोन्हीकडे रुळांची रुंदी एकच होती. फिरती बॅटरीही कुठल्याही उपकेंद्रावर गेली की तिची तार तिथल्या खाचेत बसली पाहिजे, तिचा दाब जुळला पाहिजे, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा ठेका जुळला पाहिजे. जपानसारख्या प्रगत देशातही पूर्वेला पन्नास आणि पश्चिमेला साठ आवर्तने चालतात. २०११ च्या त्सुनामीनंतर पूर्व जपान विजेसाठी तळमळत असताना पश्चिमेकडची वीज पुरेशी देता आली नाही, त्यामागे हे एक कारण होते. भारताचे राष्ट्रीय जाळे एक आहे, ठेका एक आहे. ही एकात्मता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तारांतही उतरली आहे, याची जाण थोड्यांना असते. वीज साठवण्याची जागतिक मानके आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगात ठरतात आणि तिथे भारतीय मानक ब्यूरोचे प्रतिनिधी बसतात. त्या बैठकांत गप्प बसायचे आणि मागाहून परदेशी वस्तू विकत घ्यायची, की आपल्या उन्हाची, धुळीची आणि पुराची गरज त्या मानकांत लिहवून घ्यायची? खरे सहकार्य अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या बैठकांत घडते. फुलांच्या हारांत घडत नाही.

कच्च्या मालाचेही तसेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचा अंदाज जाहीर झाला आणि वर्तमानपत्रांनी सोन्याची खाण सापडल्याचा आनंद केला. अंदाज आणि खाण यांत बरेच अंतर असते, आणि खनिजातून शुद्ध धातू काढण्याची विद्या हे त्याहून मोठे अंतर. म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये ‘काबिल’ या भारतीय सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी केलेला करार अधिक महत्त्वाचा. आणि त्याहूनही आशादायक बातमी पुण्याची. डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने, पुण्याच्याच आयसर संस्थेतल्या संशोधकांच्या साहाय्याने, सोडियमवर चालणारी बॅटरी जगासमोर ठेवली. सोडियम म्हणजे मिठातला धातू. ज्या देशाने मिठासाठी सत्याग्रह केला, त्याला मिठाची किंमत शिकवायला कुणी नको. ही बॅटरी जरा जड असते, कमी वीज मावते; पण तिचा कच्चा माल कुणाच्या दारात मागावा लागत नाही. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची गती मात्र अपेक्षेप्रमाणे राहिली नाही, हे आपल्या माणसांचे सरकार असले तरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कारखान्याच्या पायाभरणीला टाळ्या आणि उत्पादनाला विलंब, ही सवय आता परवडणारी नाही.

पंचांग आणि बॅटरी

आता एक आक्षेप. एवढा खर्च करून बॅटरीची मोटार घ्यायची आणि ती पुराची वाट पाहत उभी ठेवायची? आक्षेप योग्य आहे. रोज एकाच जागी वीज लागत असेल तर स्थिर बॅटरी स्वस्त पडते, तिला चाके लावणे म्हणजे देवघराला चाके लावण्यासारखे. बॅटरीचे भावही झपाट्याने उतरले आहेत. २०२२ मध्ये केंद्राच्या निविदेत एका मेगावॅटला महिन्याला १० लाख ८० हजारांहून अधिक दर आला होता, २०२५ पर्यंत काही निविदांत तो अडीच लाखांच्याही खाली गेला. त्यामुळे सौर प्रकल्पांच्या शेजारी स्थिर साठवण येणारच. चाके फक्त तिथे, जिथे गरज स्वतःच फिरते.

आणि आपल्याकडे गरज फिरते, तीही पंचांगाप्रमाणे! चैत्रात सोनारीची यात्रा. आषाढात पंढरपूर. आश्विनात तुळजापूर, जिथे कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून लक्षावधी माणसे रात्रभर पायी चालत येतात. या प्रत्येक ठिकाणी चार-आठ दिवस विजेची मागणी कित्येक पटींनी वाढते आणि मग ओसरते. तेवढ्या दिवसांसाठी डिझेलचे जनरेटर धडधडतात, भजनापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होतो. एका जिल्ह्यातल्या चार-पाच बॅटरीच्या मोटारी यात्रेमागून यात्रा करीत वर्षभर फिरू शकतात. भाद्रपदात पूर आला तर पूरग्रस्त गावात, वैशाखात टंचाई आली तर नळयोजनेवर. आणि मार्गशीर्ष-पौषात?

मार्गशीर्ष-पौषात रब्बीचे पाणी. शेतीला आठ तास वीज मिळते, पण आठवड्यातले काही दिवस ती रात्री मिळते. कडाक्याच्या थंडीत विजेरी घेऊन बांधावर जाणारा शेतकरी हे या भागाचे जुने चित्र. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा त्या गावांत रात्री दारे धरायला जाण्याची कुणाची छाती होत नव्हती, पण पाणी तर रात्रीच येत होते. डिसेंबर २०२४ पासून तर येडशीच्या रामलिंग अभयारण्यात विदर्भातून चालत आलेला वाघ वावरू लागला. वाघ आला याचा अभिमान, पण रात्री पंप सुरू करायला एकटा जाणारा माणूस आणि त्याची वाट पाहणारी घरची माउली यांना त्या अभिमानाचा काय उपयोग?

याचे खरे उत्तर दिवसाची सौर वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी सुरू झाला, तीन मेगावॅटचा. असे प्रकल्प जिथे पूर्ण झाले, तिथल्या शेतकऱ्याचा दिवस दिवसासारखा झाला. पण उपकेंद्राचे काम रखडले, रोहित्र जळले, ढग आले, तर मधल्या आठवड्यांचे काय? पाच अश्वशक्तीचा पंप आठ तासांत तीस युनिट घेतो. पाचशे युनिटांची मोटार सोळा शेतकऱ्यांना एक दिवस पुरते. आकडा लहान आहे. संपूर्ण गावाचे ओलित त्यावर होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण बिबट्या हिंडत असलेल्या वस्तीवरच्या सोळा घरांना तो आकडा लहान वाटणार नाही.

एका गोष्टीची दक्षता मात्र हवी. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग येथे एका मोठ्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या त्या मानाने शांत स्वभावाच्या आहेत, तरी आग ती आग. यात्रेच्या गर्दीत अशी मोटार उभी करायची तर कुठे करायची, किती अंतर राखायचे, धूर दिसला तर कुणी काय करायचे, याचे प्रशिक्षण परंड्याच्या अग्निशमन दलाला आणि गावच्या तरुणांना मोटार येण्यापूर्वी मिळाले पाहिजे. शाखेत दंड शिकवतो तसे हेही शिकवता येईल. आपत्तीत पहिल्या तासाला पोचणारा माणूस गावातलाच असतो, हे किल्लारीने आणि सीनेने, दोघांनीही दाखवले आहे.

या तालुक्यातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी या क्षेत्राकडे पाहावे, हे जाता जाता सांगायचे आहे. बॅटरी विकत घेणाऱ्या देशाला विक्रेता भेटतो, ती दुरुस्त करणाऱ्या देशाला सहकारी भेटतात. बर्कलेच्या प्रयोगशाळेत मराठी नाव आहे, ते आनंदाचेच. पण बॅटरीचा सेल बदलायला परंड्याहून पुण्याला निरोप धाडावा लागू नये, एवढी तयारी इथे व्हायला हवी. त्यासाठी ना परदेशी कर्ज लागते, ना करार. एक खोली, दोन मापनयंत्रे, सुरक्षिततेचे कडक नियम आणि शिकवणारा एक जाणकार माणूस पुरे.

आणि हो, चैत्राची यात्रा आता फार दूर नाही. यात्रेत किती जनरेटर लागतात, किती दिवस चालतात आणि त्यांत किती डिझेल जळते, याची नोंद या वर्षी गावानेच ठेवावी. महावितरणच्या दारात जाताना हातात अर्जाबरोबर तो कागदही असू द्यावा.